‘अतिप्रसंग’ कुठे शोधावा? शिकागो विद्यापीठाच्या ऑनलाइन कोशांचा आढावा

‘तरुणीवर अतिप्रसंग’ असा मथळा वाचून नेमकं काय घडलं ते कळत नाही. अंगाला हात लावला, की बलात्काराचा प्रयत्न झाला? एका शब्दाआड सगळंच झाकलं जातं. बातमी लिहिणाऱ्याला, अनुवादकाला, तक्रारअर्ज लिहून देणाऱ्याला हा शब्द कुठून आला आणि कुठवर ताणता येतो हे माहीत हवं. त्यासाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरचा दक्षिण आशियाई भाषांचा कोशसंग्रह फार मोलाचा आहे. तो फुकट आहे, नोंदणीही लागत नाही.

मराठीसाठी तिथे मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आहे, वझ्यांचा 1911 चा शालेय कोश आहे, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश आहे. पण खरा खजिना म्हणजे दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’: 1932 ते 1938 मधले सात खंड आणि 1950 ची पुरवणी.

‘अतिप्रसंग’ तत्सम शब्द, म्हणून सुरुवात त्याच संग्रहातल्या आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशापासून करावी. तिथे अति आसक्ती हा अर्थ मिळतो, नियम त्याच्या हद्दीबाहेर ताणणं हा शास्त्रातला अर्थ मिळतो आणि उद्धटपणा हाही. उद्धटपणासाठी दाखला दिलाय उत्तररामचरिताच्या पाचव्या अंकातला, म्हणजे लव आणि चंद्रकेतू समोरासमोर येतात तिथला. स्त्रीच्या देहाशी त्या दाखल्याचा काही संबंध नाही. मुळात आहे ते मर्यादा ओलांडणं, आजचा अर्थ त्यातूनच आकसत आलेला. हे एकदा पाहिलं की शब्द इतका मोघम का वाटतो ते उमगतं.

मग दाते-कर्वे उघडावा. नुसते मथळ्याचे शब्द, म्हणजे ज्यांच्या नावाने नोंद असते ते, शोधता येतात, तसा संपूर्ण मजकूरही. आधी मथळा, मग मजकूर, हा क्रम सोडू नये. मजकुरातल्या शोधात तोच शब्द दुसऱ्या शब्दाचा अर्थ सांगताना कसा वापरलाय ते दिसतं, आणि त्या काळची छटा बहुधा तिथेच हाती लागते. नोंदीतले संक्षेप आधी समजून घ्या: (ल.) म्हणजे लाक्षणिक, (व.) वऱ्हाडी, (गो.) गोमंतकी, ‘ज्ञा’ म्हणजे ज्ञानेश्वरी आणि पुढचे आकडे अध्याय व ओवीचे. वाईट वागण्याचे शब्द प्रांतागणिक सौम्य-तिखट होतात, त्यामुळे (व.) किंवा (गो.) नजरेतून सुटलं की अर्थ फसतो.

शोध रिकामा आला तर बहुतेक वेळा दोष शुद्धलेखनाचा असतो. मोल्सवर्थ, वझे आणि दाते-कर्वे हे कोश 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीचे आहेत. ‘वाकडा’ टाकून मिळालं नाही तर ‘वांकडा’ टाका. ‘अनीती’ऐवजी ऱ्हस्व ‘अनीति’. बऱ्याच जणांना हे ठाऊक नसतं आणि शब्दच कोशात नाही असं समजून ते परत फिरतात. संगणकावर उतरवताना राहिलेल्या चुकाही अधूनमधून भेटतात. उद्धृत करायचं असेल तर नोंदीसोबतचा पृष्ठक्रमांक घेऊन छापील पान पडताळावं.

मोठी उणीव काळाची आहे. पुरवणी 1950 ची, त्यामुळे आजच्या कायद्याची भाषा इथे शोधू नये. त्यासाठी भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मूळ अधिनियमच पाहावेत. ‘विनयभंग’ हा गुन्हा आहे: पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम 354, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 74. कामाच्या ठिकाणचा ‘लैंगिक छळ’ 2013 च्या अधिनियमाखाली येतो. राज्य सरकारी नोकराची ‘गैरवर्तणूक’ ही शिस्तीची बाब असते, तिथे 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा नियम लागतात. ‘अतिप्रसंग’ यांपैकी कशाचाच नेमका पर्याय नाही.

म्हणून अर्जात तो शब्द घालून थांबू नये. कोणी, केव्हा, कुठे, काय केलं आणि काय बोललं ते जसंच्या तसं लिहावं. बोललेला शब्द शिवी असली तरी तीच लिहावी, तिथे टिंबं देऊ नयेत. त्या शिवीचा अर्थ पुढे कोणाला समजावून द्यायची वेळ आली, तर दाते-कर्वे पुन्हा उघडावा.