पॅरलल स्ट्रक्चर: कानावर सोडायचं की जोडशब्द पकडायचा?

नागपूरच्या सीताबर्डी-धरमपेठेतल्या अभ्यासिकांमध्ये एसएससी सीजीएलची (केंद्र सरकारी नोकऱ्यांच्या परीक्षेची) तयारी करणारी बरीच मुलं इंग्रजी वाक्यातल्या चुका शोधायचे प्रश्न मनात वाचून, कानाला काय खटकतं यावर सोडवतात. 'शी लाइक्स रीडिंग, स्विमिंग अँड टू कुक' इथे ते चालतं. 'टू कुक' लगेच टोचतं, 'कुकिंग' हवं; जोडलेले भाग एकाच रूपात असणं म्हणजेच पॅरलल स्ट्रक्चर. वेळही वाचतो, टियर १ मध्ये (पहिल्या टप्प्यात) ६० मिनिटांत १०० प्रश्न असतात.

पण 'ही नॉट ओन्ली प्लेज क्रिकेट बट ऑल्सो फुटबॉल' वाचा. आपल्याकडे बोलताना सर्रास असंच बोलतात, त्यामुळे कान गप्प बसतो. जोडशब्द, म्हणजे जोडीने येणारे शब्द, पकडणारा मात्र दोन्ही बाजू तपासतो: 'नॉट ओन्ली'नंतर क्रियापद, 'बट ऑल्सो'नंतर नुसतं नाम. जुळत नाही. बरोबर वाक्य 'ही प्लेज नॉट ओन्ली क्रिकेट बट ऑल्सो फुटबॉल'. 'आयदर-ऑर', 'बोथ-अँड' यांनाही हीच कसोटी.

मराठी माध्यमातून आलेल्यांना मी ठामपणे दुसरी पद्धतच सांगेन. इंग्रजी कानावर पडायला वर्षं लागतात, जोड्या आठवडाभरात पाठ होतात. सुरुवातीला वेळ जास्त जातो, हे खरं. पण टियर १ मध्ये चुकलेल्या उत्तरामागे अर्धा गुण कापला जातो, तेव्हा शंका असेल तिथे जोडशब्दाखाली बोट ठेवाच.