गोगलगाय नि पोटात पाय: टर्बोसाठी गाडी कोणती घ्यावी?

बेळगावात स्लीपर म्हटलं की रात्री बंगळूरला सुटणारी बस डोळ्यांपुढं येते. त्यामुळं खानापूरचा भाचा "मामा, स्लीपर करायची हाय" म्हणाला तेव्हा त्याची आई पटकन बोलून गेली, "मग तिकीट काढ की, मामाला काय विचारतोस?" त्याच्या डोक्यातली स्लीपर वेगळी होती. दिसायला बँकेतल्या कारकुनाची गाडी, चाकांवर प्लास्टिकच्या टोप्या, मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' आणि बॉनेटखाली टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या सरळ पट्टीवर तिप्पट किमतीच्या गाडीला मागं टाकणारी.

सरळ रेषेत एकदाच जीव तोडून पळायचं हे आपल्याला नवं नाही, गावोगावच्या शर्यतीत बैल तेच करतात. पण बैलाची छाती आणि पाय एकाच मापानं वाढतात. गाडीची छाती महिन्याभरात दीडपट करता येते, पाय मात्र कंपनीनं दिले तेवढेच राहतात. म्हणून त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, की इंजिन बघून गाडी घेऊ नकोस, गिअरबॉक्स आणि क्लच बघून घे.

त्याच्यापुढं तीन वाटा होत्या. जुनी एस्टीम किंवा घरची पेट्रोल स्विफ्ट घेऊन तिला बाहेरून टर्बो बसवायचा. नाहीतर स्विफ्ट डिझेल घेऊन रिमॅप करायची, म्हणजे इंजिनाच्या संगणकातली गणितं बदलून ताकद वाढवायची. किंवा कंपनीतूनच टर्बो घेऊन आलेली छोटी पेट्रोल गाडी शोधायची, उदाहरणार्थ बलेनो आरएस किंवा पोलो जीटी टीएसआय.

आधी एक हिशेब. ४०२ मीटरचा वेळ वजन भागिले ताकद या आकड्याच्या घनमुळाप्रमाणं बदलतो. चालकासकट टनभर वजन आणि ८५ अश्वशक्ती असेल तर साधारण सतरा सेकंद लागतात. ताकद दीडपट केली तर पंधरा. दुप्पट केली तरी साडेतेराच्या वर, तेही टायर जागेवर फिरला नाही तर. म्हणजे ताकद दुपटीनं वाढवली तरी वेळ पाचव्या हिश्श्यानंच घटतो. उलट शंभर किलो उतरवले की अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त हाती लागतं आणि त्याला दमडी लागत नाही. (मागची सीट काढू नका. आत डोकावणाऱ्याला लगेच कळतं, मग गोगलगाय कसली!)

बाहेरून टर्बो

यावर मी जास्त बोलणार, कारण यात माझे पैसे गेलेत.

एस्टीम हलकी गाडी, नऊशे किलोच्या आतली. १९९९ नंतरच्या एमपीएफआय गाडीला १.३ लिटरचं १६ व्हॉल्व्हचं इंजिन आणि ८५ अश्वशक्ती. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर आहे, त्यामुळं साध्या इंजिनाला इथं पणजीपेक्षा सात-आठ टक्के हवा कमी मिळते. टर्बो ती तूट भरून काढतो आणि वर आणखी देतो. अर्धा बार बूस्ट, म्हणजे टर्बोनं दिलेला जादा दाब, कागदावर दीडपट हवा देतो. प्रत्यक्षात हवा दाबली की तापते, तापली की पातळ होते, म्हणून ती गार करायला इंटरकूलर लागतो आणि तरीही पदरात थोडं कमीच पडतं.

खरी भीती नॉकिंगची. साध्या पेट्रोल इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते, आधीच चढं असतं. त्यावर बूस्ट चढवला की स्पार्कची ज्योत पोचायच्या आधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं आणि पिस्टनच्या रिंगांमधली भिंत तुटते. त्यात बहुतेक साध्या इंजिनांचा प्रेशर सेन्सर बूस्ट मोजायला बनवलेलाच नसतो, म्हणून वेगळा ईसीयू (इंजिनाचा संगणक) किंवा मूळ ईसीयूला जोडायचा पिगीबॅक, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर आणि जास्त ताकदीचा पंप आलाच. आपल्या उसातून निघणारं इथेनॉल इथं थोडं कामी येतं. ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलचा ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखायची ताकद, आधीच्या ९१ ऐवजी ९५ आहे आणि इथेनॉल उडून जाताना मिश्रण थंड करतं. पण त्याच इथेनॉलनं एस्टीमचे जुने रबरी पाइप फुगतात. ते आधी बदला, टर्बो नंतर.

उद्यमबागेत, बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, लेथ, फाउंड्री, वेल्डर हाकेच्या अंतरावर, त्यामुळं आम्हाला वाटलं मॅनिफोल्ड (इंजिनाचा धूर टर्बोत नेणारा नळ) म्हणजे हातचा मळ. स्टीमच्या पाइपचे बेंड जोडून वेल्डिंगचा मॅनिफोल्ड केला. तीनदा तडकला. गरम होताना पाइप वाढतो, गार होताना आकसतो, आणि टर्बोचं सगळं वजन त्याच जोडावर लटकलेलं. शेवटी लाकडी पॅटर्न करून एसजी आयर्नमध्ये, म्हणजे सहजी न तडकणाऱ्या ओतीव लोखंडात, ओतून घेतला, तो आजही शाबूत आहे. दुसरी चूक भंगारातला डिझेल टर्बो. डिझेलचा धूर साधारण आठशे अंशांपर्यंत तापतो, पेट्रोलचा साडेनऊशेच्या पुढं जातो. डिझेलचं टर्बाइन हाउसिंग त्या तापाला केलेलंच नसतं. आमचं पहिल्या उन्हाळ्यात फाटलं.

एवढं सगळं जमवून गाडी पट्टीवर उभी केली, क्लच सोडला, आणि डावं चाक फिरवणारा एक्सल कट्‌कन तुटला. इंजिन मजेत, गाडी जागेवर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं वजन सुटताना मागं सरकतं, पुढचं चाक आधी घसरतं, मग एकदम पकडतं, आणि तो झटका एक्सल खातो. चांगले टायर घातले तर तो आणखी जोरानं बसतो.

भाच्यानं विचारलं, "मग का केलंस?" मजा आली म्हणून. ज्याच्या हातात लेथ आहे, घरात रोजची दुसरी गाडी आहे आणि दोन वर्षं थांबायची तयारी आहे, त्यानं हीच वाट धरावी. किट, ईसीयू, क्लच, एक्सल धरून खर्च जुन्या गाडीच्या किमतीच्या पुढं सहज जातो.

डिझेल रिमॅप

सगळ्यात स्वस्त. १२४८ सीसीचं इंजिन, ७५ पीएस (अश्वशक्तीच समजा), १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, टर्बो आधीच बसलेला. पंचवीस-तीस हजारांच्या रिमॅपमध्ये शंभरच्या जवळ अश्वशक्ती मिळते. वेशभूषा तर अशी की पांढरी डिझायर कुठंही उभी करा, लोक "एअरपोर्टला सोडता का?" विचारतील.

पण ड्रॅगला, म्हणजे सरळ पट्टीवरच्या शर्यतीला, ही गाडी मला पटत नाही. दोन हजार आरपीएमच्या खाली ती पेंगते, साडेचार हजारांच्या पुढं दम सोडते. मधल्या अरुंद पट्ट्यात राहायला गिअर सारखे बदलावे लागतात आणि प्रत्येक गिअरला वेळ जातो. वजनही हजार किलोच्या वर. टॉर्क एकदम येतो म्हणून जुनी क्लच प्लेट आधी घसरते. निपाणीहून कोल्हापूरला ट्रक ओलांडत जायला झकास, पट्टीवर मात्र फिकी.

कंपनीचा टर्बो

बलेनो आरएस २०१७ ते २०२० एवढीच विकली गेली. ९९८ सीसीचं बूस्टरजेट, १०२ पीएस, १५० न्यूटन-मीटर, वजन ९५० किलो, मॅन्युअल गिअर. हेच इंजिन परदेशात १११ पीएस देत होतं, म्हणजे रिमॅपला जागा मोकळी आहे. पिस्टन, हेड, ईसीयू, तेलाची वाट हे सगळं टर्बोसाठीच आखलेलं. आणि रस्त्यावर तिला कुणी ओळखत नाही, ही खरी मेख.

पोलोचं १.२ टीएसआय इंजिन सरस आहे. १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर, रिमॅपनं १४०च्या आसपास. पण सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची मर्यादा २५० न्यूटन-मीटर, म्हणजे रिमॅपनंतर फारशी उसंत उरत नाही. दुरुस्ती निघाली तर ती कोपऱ्यावरच्या मेस्त्रीच्या हातची नाही. शिवाय 'जीटी टीएसआय' वाचलं की सिग्नलवरचं पोरगंसुद्धा सावध होतं.

आता बेळगावचं म्हणून वेगळं. सांबऱ्याची धावपट्टी विमानांची आहे, तिकडं बघू नका. महामार्गावर तर नकोच. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावली तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. गाडीत परवानगीशिवाय बदल केला तर कलम १८२-अ प्रमाणं मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये, नाहीतर दोन्ही. रिमॅप डोळ्याला दिसत नाही म्हणून तो कायद्यात बसतो असं नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी तो शोधून काढू शकते. ड्रॅगसाठी लोक जातात ते लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर, व्हॅली रन नावाच्या ड्रॅग शर्यतीला. जाऊन-येऊन आठशे किलोमीटरच्या वर. बाहेरून टर्बो बसवलेली आमची एस्टीम तिथं ट्रकवर चढून गेली होती. आरएस एसी लावून स्वतःच्या चाकांवर जाईल आणि सोमवारी तीच कामावर नेता येईल. माझ्यापुरता निकाल इथंच लागला.

पैसे उरलेच तर आधी टायर आणि क्लच, मग रिमॅप, मोठा टर्बो सगळ्यात शेवटी.

भाचा आता कोल्हापूरला एक आरएस बघून ठेवून आलाय, एमएच ०९ पासिंगची. तिकडं गाडी स्वस्त वाटते, पण आरटीओची एनओसी आणि कर्नाटकचा आजीवन कर धरून भाव कर. कर गाडीच्या वयाप्रमाणं उतरतो, पण चुकत नाही, बारा महिन्यांच्या वर इकडं ठेवली तर केए २२ करावीच लागते. आणि मालकानं हौसेनं आरएसची अक्षरं उपटून टाकलीत म्हणे, तेव्हा आरसीवर ९९८ सीसी आहे का वाच आणि वाकून मागच्या चाकात बघ. आरएसला मागंही डिस्क असते. ड्रम दिसला तर चहा घे आणि परत ये.