६० वॅटचा एलईडी लाइट: मुलाखतीला उत्तम, उन्हात बिनकामाचा

लहान खोलीतल्या व्हिडिओ मुलाखतीसाठी हा लाइट जरूर घ्यावा, पण सोबत ९० सेंटीमीटरचा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) हवाच. तो चेहऱ्यापासून एक मीटरवर, डोळ्यांच्या जरा वर, ४५ अंशांत लावा. दोन मीटरवर नेलात तर उजेड साधारण चौथाईवर येतो आणि नाकाची सावली टोकदार होते.

खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ छापलेलं असलं तरी आर९ चा, म्हणजे गडद लाल रंगाचा, आकडा बघा. तो कमी असेल तर गाल निस्तेज दिसतात, आणि ती लाली ग्रेडिंगमध्ये, म्हणजे नंतर रंग सुधारताना, परत आणणं फार जिकिरीचं.

खरी परीक्षा डिमरची, म्हणजे उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाची. १० टक्क्यांखाली स्वस्त लाइट लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही. कॅमेऱ्याचं शटर १/१००० सेकंद करा, पट्टे सरकताना दिसतील. तसं झालं तर डिमर वरच ठेवा आणि उजेड कमी करायला डिफ्यूजनचा (उजेड पसरवणाऱ्या कापडाचा) आणखी एक थर चढवा. लाइटच्या पंख्याची घरघर कॅमेऱ्यावरच्या माइकमध्ये येतेच, त्यामुळे कॉलरला लावायचा लॅपल माइक वापरा.

भर उन्हात मात्र या लाइटऐवजी रिफ्लेक्टर आणि एनडी (लेन्सवरचा उजेड कमी करणारा काळपट फिल्टर). आयएसओ १००, शटर १/५०, एफ/२.८ साठी सहा स्टॉपचा एनडी लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). व्हेरिएबल (फिरवून कमी-जास्त करायचा) एनडी टोकापर्यंत फिरवू नका, वाइड लेन्सवर फ्रेमभर काळी फुली उमटते.