महागडा फटकेबाज ठेवावा की द्यावा: क्लीव्हलँडचे दोन निर्णय आणि शेजाऱ्यांचे अनुभव

लहान बाजारपेठेतील बेसबॉल संघाने आपला सर्वांत महागडा फटकेबाज दुसऱ्या संघाला देऊन टाकावा का, हा प्रश्न दर हिवाळ्यात अमेरिकेतील कुठल्या ना कुठल्या शहरात उभा राहतो, आणि त्यावरची चर्चा बहुतेक वेळा त्या खेळाडूने किती होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे थेट सीमेपार जाणारे फटके) मारले याभोवतीच फिरत राहते. माझ्या मते होम रनचा आकडा इथे दुय्यम आहे. आधी पाहायचे ते हे की खेळाडूची किती वर्षे संघाच्या ताब्यात उरली आहेत, आणि त्या वर्षांत त्याला मिळणारा पगार त्याच्या खऱ्या मोलापेक्षा किती कमी आहे. घेणारा संघ जी किंमत मोजतो ती मुख्यतः या फरकाची असते. खेळाडू कितीही मोठा असला तरी पगार त्याच्या मोलाइतका झाला की विकण्यासारखे फारसे काही उरत नाही.

आयपीएल पाहणाऱ्या वाचकाला सर्व संघांच्या खर्चाला सारखीच मर्यादा असण्याची सवय असते. 2025 च्या हंगामासाठी ती प्रत्येकी 120 कोटी रुपये होती. मेजर लीग बेसबॉलमध्ये अशी मर्यादाच नाही. ठरावीक रकमेपलीकडे, म्हणजे 2024 मध्ये 23.7 कोटी डॉलरपलीकडे, पगारखर्च गेला तर कर लागतो, आणि न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसचे संघ तो कर भरून पुढे जातात. संघांच्या स्थानिक उत्पन्नाचा 48 टक्के भाग एकत्र करून सर्वांमध्ये वाटला जातो, तरीही उरलेली दरी मोठी असते. लहान शहराच्या संघाचे खरे भांडवल वेगळेच आहे: नवा खेळाडू पहिली साधारण तीन वर्षे किमान वेतनाच्या आसपास (2024 मध्ये 7 लाख 40 हजार डॉलर) खेळतो, पुढची तीन वर्षे त्याचा पगार लवादाच्या पद्धतीने वाढत जातो, आणि सहा वर्षे पूर्ण झाली की तो मोकळा होऊन हव्या त्या संघाकडे जाऊ शकतो. ही सहा वर्षे कशी वापरायची, यावरच संघाचे सगळे गणित उभे असते.

दोन्ही मार्ग एकाच संघाने, जवळजवळ एकाच काळात वापरलेले पाहायचे असतील तर क्लीव्हलँडइतके चांगले उदाहरण नाही. फ्रान्सिस्को लिंडोरला या संघाने 2011 च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी नवे खेळाडू आळीपाळीने निवडण्याच्या पद्धतीत) आठव्या क्रमांकावर निवडले आणि 29 लाख डॉलर देऊन करारबद्ध केले. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या एका अवघड जागी खेळणारा, गोल्ड ग्लव्ह हा क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळवणारा आणि तरीही 2017 ते 2019 या तिन्ही हंगामांत तीसहून अधिक होम रन मारणारा असा खेळाडू पिढीत एखादाच निघतो. 2019 च्या वसंतात संघमालक पॉल डोलन यांनी तो अजून तीन वर्षे आपला आहे, तोवर त्याच्या खेळाचा आनंद घ्या, अशा आशयाचे विधान केले आणि प्रेक्षकांना ते चांगलेच झोंबले. घरात पाहुणा आला आहे, जाण्याची तारीखही ठरली आहे, असे यजमानानेच जाहीर करावे तसा तो प्रकार होता. पुढच्याच वर्षी महामारीमुळे नियमित हंगाम 60 सामन्यांचा झाला, मैदाने रिकामी राहिली, आणि जानेवारी 2021 मध्ये लिंडोर न्यूयॉर्क मेट्सकडे गेला. संघाच्या ताब्यातले त्याचे तेव्हा एकच वर्ष उरले होते आणि त्या वर्षाचा पगार 2.23 कोटी डॉलर होता. त्याच्यासोबत कार्लोस कारास्को हा अनुभवी पिचरही (चेंडू टाकणारा) द्यावा लागला.

बदल्यात चार जण आले: आंद्रेस हिमेनेझ, आमेद रोसारिओ आणि अजून वरच्या पातळीवर न पोहोचलेले दोन होतकरू खेळाडू. त्या दिवशी ही किंमत तुटपुंजी वाटली होती, आणि मार्च संपता संपता मेट्सने लिंडोरशी 10 वर्षांचा, 34.1 कोटी डॉलरचा करार केला तेव्हा ती आणखीच तुटपुंजी वाटली. पण 2022 मध्ये हिमेनेझने .297 च्या सरासरीने (म्हणजे शंभरात सुमारे तीस वेळा यशस्वी फटका) खेळून 17 होम रन मारले, हंगामातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात जागा मिळवली आणि लागोपाठ तीन गोल्ड ग्लव्हपैकी पहिला घेतला. लिंडोर मेट्ससाठी उत्तमच खेळला, 2024 मध्ये नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाच्या) सर्वोत्तम खेळाडूच्या मतदानात दुसराही आला. क्लीव्हलँडचा सौदा चांगला ठरण्यासाठी त्याने वाईट खेळायची गरज नव्हती. तुलना लिंडोर आणि हिमेनेझ अशी करायचीच नसते. ती लिंडोरचे एक वर्ष व तो सोडून गेल्यावर भरपाई म्हणून मिळू शकणारी ड्राफ्टमधली एक निवड यांची हिमेनेझच्या सहा स्वस्त वर्षांपैकी उरलेल्या वर्षांशी करायची असते.

होसे रामिरेझची गोष्ट याच्या उलट आहे. डोमिनिकन प्रजासत्ताकातून त्याला 2009 मध्ये अवघ्या 50 हजार डॉलरला आणले होते. 2017 मध्ये त्याने 5 वर्षांसाठी 2.6 कोटी डॉलर स्वीकारले, आणि एप्रिल 2022 मध्ये, हंगाम तोंडावर आलेला असताना आणि तो जाणार अशी चर्चा जोरात असताना, एकूण 7 वर्षांच्या 14.1 कोटी डॉलरच्या करारावर सही केली. सोबत त्याने अदलाबदल नाकारण्याचा पूर्ण अधिकारही घेतला. वर्षाची सरासरी काढली तर लिंडोरचे 3.41 कोटी आणि रामिरेझचे सुमारे 2 कोटी. या फरकाला संघव्यवस्थापनाचे चातुर्य म्हणण्याचा मोह होतो, पण रामिरेझला तिथेच राहायचे होते आणि त्यासाठी त्याने पैसे सोडले, हे त्याचे खरे कारण आहे. अशी सवलत समोरून आली तर दोन्ही हातांनी घ्यावी, मात्र ती मिळेलच असे धरून अंदाजपत्रक आखू नये.

या दोन निर्णयांची बेरीज 2022 च्या मैदानावर दिसली. लीगमधील सर्वांत तरुण संघ घेऊन क्लीव्हलँडने 92 सामने जिंकले. रामिरेझच्या फटक्यांवर 126 धावा आल्या, आणि दुसऱ्या बेसवर (धावण्याच्या मार्गातल्या दुसऱ्या टप्प्यावर) क्षेत्ररक्षणाला उभा होता लिंडोरच्या बदल्यात आलेला हिमेनेझ. एकाला दिले म्हणून स्वस्त हात मिळाले, आणि स्वस्त हात होते म्हणून दुसऱ्याचा पगार परवडला. निर्णय घेणाऱ्याने हे जोडूनच पाहिले पाहिजे, कारण ठेवणे आणि देणे ही दोन पक्षांची भांडणे नसून एकाच जमाखर्चाच्या दोन बाजू आहेत.

आता मायामीकडे पाहू, कारण महागडा फटकेबाज उशिरा विकला तर काय होते ते तिथे उघड दिसते. जियानकार्लो स्टँटनला मार्लिन्सने नोव्हेंबर 2014 मध्ये 13 वर्षांचा 32.5 कोटी डॉलरचा करार दिला, पण पहिल्या तीन वर्षांचा पगार मुद्दाम कमी ठेवून मोठे आकडे पुढे ढकलले, आणि अदलाबदल नाकारण्याचा अधिकारही दिला. 2017 मध्ये त्याने 59 होम रन मारले, नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच वर्षी संघ 1.2 अब्ज डॉलरला नव्या मालकांकडे गेला. त्यांना हे ओझे नको होते. स्टँटनने सॅन फ्रान्सिस्को आणि सेंट लुईस या दोन्ही संघांना नकार दिल्यावर उरले न्यूयॉर्कचे यँकीज, आणि गिऱ्हाईक एकच उरले की भाव कोण ठरवते ते सांगायला नको. मायामीला वर्षाला कोटीभर डॉलर घेणारा स्टार्लिन कास्त्रो आणि दोन होतकरू खेळाडू मिळाले. वर ठरावीक अटीवर 3 कोटी डॉलर देण्याचेही मान्य करावे लागले.

त्याच हिवाळ्यात त्याच संघाने मार्सेल ओझुनाला सेंट लुईसकडे पाठवले. ओझुनाची दोनच वर्षे उरली होती, पण पगार लवादाच्या टप्प्यातला होता, आणि बदल्यात आलेल्या चौघांत सँडी अल्कांतारा आणि झॅक गॅलन होते. अल्कांताराने 2022 चा साय यंग हा सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार एकमताने जिंकला. 59 होम रनवाल्यापेक्षा त्याच्या शेजारी खेळणाऱ्याने संघाला अधिक मिळवून दिले, ते केवळ त्याचा पगार कमी होता म्हणून. आता नियम सापडला असे वाटत असेल तर तिसरा सौदाही पाहावा: ख्रिश्चन येलिच हा तिघांत सर्वांत स्वस्त आणि स्वस्त वर्षेही सर्वांत जास्त उरलेला खेळाडू होता, त्याच्यासाठी मिल्वॉकीने चार होतकरू खेळाडू दिले, आणि त्यांतला सर्वांत गाजलेला लुईस ब्रिन्सन पहिल्या दोन हंगामांत .199 आणि .173 अशी सरासरी घेऊन राहिला. येलिच मात्र 2018 मध्येच सर्वोत्तम खेळाडू झाला. वर्षे विकायला हवीत हे खरे, पण माल पारखायची नजर नसेल तर वर्षे विकूनही हाती काही लागत नाही.

प्रेक्षकांनी याचा हिशेब लगेच चुकता केला. 2018 च्या संपूर्ण हंगामात मायामीत 8,11,104 तिकिटे गेली, म्हणजे सामन्यामागे जेमतेम दहा हजार. होम रन बसला की दिवे लागून मासे आणि फ्लेमिंगो हलू लागत अशी एक भडक रंगांची रचना सेंटर फील्डमागे उभी होती. त्या हंगामानंतर तीही उचलून मैदानाबाहेर नेण्यात आली.

शेवटपर्यंत ठेवण्याचा अनुभव मिल्वॉकीचा आहे. 2011 मध्ये प्रिन्स फील्डरचे शेवटचे वर्ष चालू होते. ब्रूअर्सनी त्याला न देता उलट पिचर आणून संघ भक्कम केला, 96 सामने जिंकले, 1982 नंतर प्रथमच गटात पहिले आले, आणि 30 लाखांहून अधिक प्रेक्षक मैदानावर आले. फील्डर नंतर 21.4 कोटी डॉलर घेऊन डेट्रॉइटला गेला, दोन हंगामांतच टेक्सासला पाठवला गेला आणि मानेच्या दुखण्यामुळे 2016 मध्ये त्याची कारकीर्द थांबली. जिंकण्याची खरी संधी असेल तर ते एक वर्ष वापरून टाकणे हा वाया घालवणे नव्हे. याच मिल्वॉकीने 2020 मध्ये येलिचचा करार वाढवून एकूण 9 वर्षांचे सुमारे 21.5 कोटी डॉलर मान्य केले, तेव्हा त्याने आदल्या हंगामात 44 होम रन मारले होते. 2021 मध्ये त्याचे 9 झाले. न्यूयॉर्कच्या संघाला अशी घसरण खुपते, मिल्वॉकीसारख्या संघाला ती वर्षानुवर्षे बांधून ठेवते.

माझ्या मांडणीला सर्वांत अडचणीचे उदाहरण हुआन सोटोचे आहे, कारण तो दोनदा विकला गेला. वॉशिंग्टनने ऑगस्ट 2022 मध्ये अडीच हंगाम शिल्लक असताना त्याला सॅन डिएगोला दिले आणि सीजे एब्रम्स, मॅकेंझी गोर, जेम्स वुड असे पुढे ऑल-स्टार झालेले तिघे मिळवले. हे अपेक्षेप्रमाणेच झाले. पण डिसेंबर 2023 मध्ये सॅन डिएगोने त्याचे उरलेले एकच, तेही फार महागडे वर्ष यँकीजला दिले आणि तरीही घाटा झाला नाही. त्यांनी दूरच्या आशेवर न जाता तयार पिचर मागितले. मायकेल किंगने 2024 मध्ये 13 सामने जिंकले, आलेल्यांपैकी एकाला पुढे करून डिलन सीझ हा पिचर मिळवला, आणि सोटोशिवाय संघ 93 सामने जिंकून गेला. एकाच वर्षाची विक्री करायची असेल तर घेणारा संघ त्या वर्षासाठी व्याकूळ असावा लागतो, आणि आपल्याला नेमके काय कमी आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असावे लागते.

एवढ्यावरून माझा कल असा: दोन किंवा अधिक वर्षे उरली आहेत, पगार मोलापेक्षा बराच कमी आहे आणि संघ पुढच्या दोन हंगामांत जिंकण्यासारखा नाही, तर द्यावे, आणि हिवाळ्यात, अनेक गिऱ्हाईके असताना द्यावे. संघ जिंकण्याच्या बेतात असेल तर एक वर्ष उरले तरी ठेवावे आणि तो सोडून जाणार हे आधीच गिळून टाकावे. मोठा करार होऊन गेला असेल आणि मोठे पगार सुरू होत असतील, तर देण्यातून खेळाडू मिळतील ही अपेक्षा सोडावी. तिथे फक्त पैसे वाचतात, आणि ते पैसे खेळाडूंवरच खर्च होतील याची हमी मालकाकडून मिळत नसेल तर मी ठेवण्याच्या बाजूने मत देईन. स्टँटन 2019 मध्ये अवघे 18 सामने खेळला, तेव्हा मायामीचे पैसे खरेच वाचले होते. प्रश्न एवढाच की प्रेक्षकाला त्या बचतीचे काय दिसले.

क्लीव्हलँडच्या प्रेक्षकाला काय दिसते ते सांगता येते. रामिरेझ पहिल्या बेसला वळसा घालून पळू लागला की डोक्यावरचे हेल्मेट उडून मातीत पडते, आणि तो मागे न पाहता पुढचा बेस गाठतो. 2024 मध्ये त्याचे 41 चोरलेले बेस (फटक्याची वाट न पाहता पळून गाठलेले) आणि 39 होम रन झाले होते. चाळिसाव्यासाठी 29 सप्टेंबरचा घरचा शेवटचा सामना बाकी होता, आणि तो पावसाने रद्द झाला. दोनच महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, संघाने हिमेनेझला टोरोंटोकडे पाठवले. त्याने मार्च 2023 मध्ये 7 वर्षांचा 10.65 कोटी डॉलरचा करार केला होता, 2024 मध्ये त्याचे होम रन 9 वर आले होते, आणि 2027 पासून त्याचा वार्षिक पगार 2 कोटींच्या पुढे जाणार होता.