जुना सी-१२९ का सी-१४६? ढगात उडायचं तर कोणता जीपीएस

धुळ्याच्या गोंदूर रनवेवरून ट्रेनिंगचं विमान गेलं की आमच्या चहाच्या टपरीवर एक जण विचारतोच, मोबाईलमधी पण जीपीएस आहे ना भो, मग विमानातल्या डब्याला एवढा भाव कशाला? अरे भो, सॅटेलाईटचा सिग्नल गंडला तर डबा स्वतःहून बोंबलतो का, मंजुरीत मुख्य तेच बघतात.

टीएसओ म्हणजे विमानातल्या उपकरणासाठी अमेरिकेच्या विमान खात्याचं किमान स्टँडर्ड, त्यातलं जीपीएसचं जुनं टीएसओ-सी१२९ हे १९९२ चं. हा डबा रेम वापरतो, म्हणजे जास्तीच्या सॅटेलाईटशी स्वतःच ताळा करतो, त्याला निदान ५ लागतात आणि खराब सॅटेलाईट ओळखून बाजूला टाकायचा तर ६. कमी पडले की स्क्रीनवर रेम नाही असा मेसेज येतो आणि अ‍ॅप्रोच, म्हणजे जीपीएसच्या भरवशावर उतरायला जाणं, तिथंच सोडायचा, म्हणून उडायच्या आधी रेमचा अंदाज बघावा लागतो आणि व्हीओआरसारखं, म्हणजे जमिनीवरच्या रेडिओ स्टेशनवरून दिशा दाखवणारं, दुसरं साधन सोबत ठेवावं लागतं.

सी-१४६ हे त्यानंतरचं स्टँडर्ड, त्याला जीपीएसच्या चुकीची दुरुस्ती सॅटेलाईटवरूनच मिळते, आपल्याकडं ते काम गगन ही यंत्रणा करते, एएआय म्हणजे विमानतळ प्राधिकरण आणि इस्रोची. २०१५ मधे गगनला उभ्या मार्गदर्शनाची मंजुरी मिळाली, म्हणजे किती उंचीवरून कसं उतरायचं तेही दिसतं, जुन्यात ही सोय नाहीच.

मी तर सी-१४६ च घेईन, महाग पडला तरी. फक्त टीएसओचा शिक्का बघून भुलू नका, शिक्का डब्याला असतो, तो विमानात बसवायची मंजुरी वेगळी लागते आणि डब्यातला मार्ग आणि अ‍ॅप्रोचचा डेटाबेस दर २८ दिवसांनी नवा टाकावा लागतो, तिथंच लोक कंजुषी करतात.