करमळीचा बगळा आणि माझ्या तीन जुन्या टेली लेन्स

आधी पैशांचं सांगतो, म्हणजे पुढे वाचायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. तीन जुन्या मॅन्युअल फोकस टेली लेन्स आणि त्या नव्या कॅमेऱ्यावर बसवायच्या तीन अडॅप्टर रिंगा, सगळं मिळून साडेसतरा हजार गेले, दीड वर्षात थोडे थोडे करून. शेवटचं पार्सल आलं तेव्हा आई म्हणाली, "आणखी एक नळकांडं आणलंस?" कॅमेरा सोनीचा ए ६०००, तोही सेकंडहँड, २४ मेगापिक्सेलचा छोटा सेन्सर, बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सावरायची सोय) नाही. हे लक्षात ठेवा कारण पुढच्या निम्म्या तक्रारी लेन्सच्या नाहीत, त्या माझ्या हाताच्या आहेत.

पहिली ज्युपिटर ३७ ए, सोव्हिएत जमान्यातली १३५ एमएम एफ ३.५ (एफ म्हणजे भोकाचं माप, आकडा लहान तर भोक मोठं), एम ४२ स्क्रूवाली, म्हणजे आट्यांनी फिरवून बसवायची. आत भिंगं चारच, पण अपर्चरला, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाला, १२ पाती, त्यामुळे कितीही बंद केलं तरी भोक गोलच राहतं. अपर्चरच्या रिंगा दोन, एकीवर आकडा लावून ठेवायचा आणि दुसरीने उघडझाप करायची, पहिले दोन दिवस डोकं फिरतं मग बोटांना आपोआप कळतं. पणजीच्या शिगमोत संध्याकाळच्या उन्हात घोडेमोडणीवाल्यांचे (कमरेला लाकडी घोडा बांधून नाचणाऱ्यांचे) चेहरे हिच्यावर काढले, पूर्ण उघडी ठेवून, आणि खरं सांगतो, घामाचा थेंब आणि फेट्याची वीण दोन्ही दिसतात, मागची गर्दी मस्त विरघळून जाते. रंग जरा मऊ येतात, नव्या लेन्ससारखे अंगावर येत नाहीत. मला आवडतात, माझ्या भावाला फिके वाटतात. ऊन तिरकं समोरून आलं की मात्र सगळ्या फोटोवर ताकाचा पातळ थर पसरल्यासारखं होतं, हूडशिवाय वापरूच नका, मी काळ्या फोम शीटची गुंडाळी करून रबर बँड लावलाय, दिसायला भिकार पण काम करतो.

दुसरी निकॉनची निकॉर २०० एमएम एफ ४, एआयवाली (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग, आजची एआय नव्हे). निकॉनने एआय प्रकार १९७७ साली आणला, म्हणजे लेन्स बहुतेक माझ्याहून मोठी. वजन अर्धा किलोच्या आसपास, फिल्टर ५२ चा, हूड आतच सरकणारा, फोकस रिंग लोण्यासारखी. माझा सेन्सर छोटा म्हणून त्यावर ती साधारण ३०० सारखी दिसते. अडॅप्टर म्हणजे नुसती पोकळ नळी असते, आत काच नसते, निकॉनचं माउंट (लेन्स बसते ती कडी) सेन्सरपासून ४६.५ एमएम आणि सोनीचं १८, मधलं २८.५ चं अंतर भरून काढायचं एवढंच काम, म्हणून अडॅप्टरमुळे क्वालिटी जात नाही. (एम ४२ लेन्स निकॉनच्या डीएसएलआरवर लावायचा विचार असेल तर जरा थांबा, तिथे अंतराचं गणित उलटं आहे, साध्या रिंगेने दूरचं फोकसच होत नाही.)

आता गोव्यातलं करमळीचं तळं. स्टेशनच्या जवळच, जानेवारीत अडई बदकांचे थवे असतात, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या. मी सकाळी साडेसातला पोचलो आणि पहिला तासभर या २०० ने जे फोटो दिले ते बघून वाटलं की लोक लाखाच्या लेन्स कशाला घेतात. मधला भाग एफ ५.६ ला एकदम कडक, कोपरे कोण बघतो पक्ष्यांच्या फोटोत. मग ऊन चढलं आणि समोर शेतात एक पांढराशुभ्र बगळा येऊन उभा राहिला. घरी येऊन फोटो मोठा करून बघतो तर मानेच्या कडेला जांभळी किनार, अगदी पेनने ओढल्यासारखी, पुढच्या गवताच्या पात्यांना जांभळट झाक आणि मागच्यांना हिरवट. त्या काळच्या स्वस्त टेलींचा हा ठरलेला आजार, कारण सगळ्या रंगांच्या प्रकाशाला जवळजवळ एकाच जागी आणणारी खास ईडी काच तेव्हा महागड्या लेन्समध्येच असायची. अपर्चर एफ ८ ला नेलं की किनार बरीचशी जाते, एफ ४ ला पांढरा पक्षी आणि कडक ऊन एकत्र आले की ती येणारच. खंड्या, घार, पाणकोंबडी यांना काही त्रास नाही. बगळा आणि मंगेशीचा पांढरा दीपस्तंभ, हे दोघं मात्र हिची लगेच चोरी पकडतात.

आणि फोकस! आठ मीटरवर २०० एमएम एफ ४ ला जे धारदार दिसतं ते जेमतेम वीतभर. म्हणजे बगळा मान पुढे काढून मासा बघायला वाकला की तुमचं फोकस पाठीवर राहिलं. पीकिंगचे (फोकस लागलेल्या कडांवर कॅमेरा दाखवतो ते) लाल ठिपके फसवतात, सगळीकडे लाल दिसतं आणि डोळा तेवढा मऊ, त्यामुळे स्क्रीनवर झूम करून पक्ष्याच्या डोळ्यावरच फोकस फिरवायचं. माझे दहातले तीन फोटो लागतात. बरेच दिवस मी "लेन्स सॉफ्ट आहे" म्हणत होतो, मग एक दिवस कॅमेरा तळ्याच्या बांधावर भाताच्या पिशवीवर टेकवून शटर १/१००० ला ठेवलं आणि गप्प बसलो, कारण सॉफ्ट लेन्स नव्हती, मी होतो.

तिसरी ५०० एमएम एफ ८ ची मिरर लेन्स, ब्रँड सांगत नाही. आत आरसे असल्यामुळे जांभळी किनार जवळजवळ नाही, हे खरं. पण एफ ८ म्हणजे एफ ८, अपर्चर बदलायची सोयच नाही, ढग आले की आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००, आणि कॉन्ट्रास्ट असा की पणजी धुक्यात गेलीय असं वाटावं. रायबंदर-चोडण फेरीवरून मांडवीवरची घार काढली, घार ठीक आली, पण मागे पाण्यावर जिथे जिथे ऊन चमकत होतं तिथे गोल गोल रिंगा, पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची, गोल पावाची कांकणं पाण्यावर पसरून ठेवल्यासारखी. पहिल्यांदा हसू आलं, चाळिसाव्या फोटोला नाही. शिवाय सकाळी दहानंतर खाजनांवरून (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांवरून) गरम हवा थरथरायला लागते, त्यात पाचशे एमएमने थरथरच मोठी होऊन येते, लेन्स कुठलीही असो.

खरा घोळ निकॉरच्या आधीच झाला होता. पहिली २०० मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून घेतली, "एकदम मिंट" (म्हणजे नव्यासारखी) लिहिलं होतं, मोबाइलचा टॉर्च मागून मारला तर आत कोळ्याचं जाळं. फंगस. पैसे परत मिळवायला सहा आठवडे आणि असंख्य मेसेज. फंगस थोडी असेल तर फोटोची धार फारशी जात नाही, पण समोर ऊन आलं की सगळं पांढुरकं, आणि जुनी झाली की कोटिंग खाते. गोव्यात तर ती घेतलीच तर वाढवायलाच घेतली समजा, जूनपासून चवथीपर्यंत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, लेन्सचं काय घेऊन बसलात. मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल ठेवतो, निळं असेपर्यंत ठीक, गुलाबी झालं की तव्यावर परतून पुन्हा डब्यात. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं.

तर ज्युपिटर ठेवणार, निकॉर ठेवणार आणि सकाळी नऊपर्यंतच वापरणार. मिरर काढायची आहे, रिंगेसकट चार हजार, कोणाला कांकणं आवडत असतील तर शुक्रवारी म्हापशाच्या बाजाराला येतोच, हातात आणून देईन, टॉर्च तुमचा तुम्ही आणा.