घडीची स्कूटर: तीन चाकी की चार चाकी?

चालायला त्रास होणाऱ्यांसाठी ही बॅटरीवरची, बसून चालवायची स्कूटर. पणजीत फोंताइन्हासच्या गल्लीत किंवा लिफ्टमध्ये तीन चाकीच बरी. कमी जागेत वळते. पण आल्तिनोच्या उतारावर वळताना पुढे एकच चाक असल्याने ती कलंडू शकते. तिथे चार चाकीच घ्या, आणि वळणाआधी वेग कमी करा. मिरामारच्या वाळूत मात्र दोन्ही रुततात, चाकं लहान असतात ना!

घेण्याआधी घडी घातलेली स्कूटर घरच्या माणसाला डिकीत चढवायला लावाच. 25 किलो काठावरून आत ढकलताना कंबर धरते, म्हणून बॅटरी आधी काढा. 24 व्होल्ट, 10 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी 240 वॉट-तासांची. विमानातल्या 300 वॉट-तासांच्या मर्यादेत बसते. खाऱ्या हवेत तिच्या पिनांवर हिरवा थर चढतो, चार्जिंग अडखळतं. आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसा.